झाकण

लेकीला बालवाडीतून घेऊन ती घरी निघाली होती. वळणावर शेजारच्या काकूंनी हाक मारली, "अगं, पालिकेचे साहेब आलेत रस्ता बघायला! ये साखळीत."

पाणी साचलं की गल्लीतली माणसं हात धरून, एका रांगेत तो रस्ता ओलांडत. त्या गढूळ पाण्याखाली कुठेतरी गटाराचं तोंड उघडं होतं. झाकण केव्हाच वाहून गेलं होतं. अर्ज करून सगळे थकले, फक्त ती थकली नव्हती. नवरा म्हणायचा, "तुला चमचाभर पाण्यातही कोणीतरी बुडताना दिसतं." खरंच होतं म्हणा.

साहेबांनी पँट वर दुमडली. "इथं कोणी बुडालंय का कधी?"

"बुडायची वाट बघताय होय?" काकू फणकारल्या.

काकू पुढे, मध्ये ती, तिच्या पिशवीचा बंद धरून साहेब सगळ्यात मागे. पेंगुळलेली लेक तिच्या कडेवर, पुढून बिलगलेली; मागून दिसतही नव्हती.

मध्यावर आल्यावर पाण्याचा आवाज बदलला. खाली कोणीतरी सावकाश घोट घेत असावं, तसा. ओल्या, कुजक्या चिंध्यांचा वास आला.

"बाई..." साहेब दबकत म्हणाले, "मुलीला उचलून घ्या ना. हात बर्फ झालाय तिचा..."

तिने मागे पाहिलं नाही. लेकीचे दोन्ही हात तिच्या गळ्यात होते, घामट, गरम.

"साहेब... सोडा तो हात."

"मी कधीच सोडलाय हो... तिनंच धरलाय..."

पलीकडे पोचल्यावर साहेबांनी हात झटकला. ओला तळवा शर्टाला पुसत राहिले, पुसतच राहिले. आठवड्यात काम सुरू झालं. गटारावर जाड लादी बसली, रस्ता उंच झाला. "साहेबांना देव दिसला की भूत, आपल्याला काय!" काकू हसल्या. तीही हसली. आपण उगाच घाबरट, असं तिने स्वतःला पुन्हा एकदा बजावलं.

पावसाळा सरला. एका संध्याकाळी त्याच कोरड्या रस्त्यावरून दोघी चालत आल्या. लेकीचा एक हात आईच्या हातात होता. दुसरा बाजूला, हवेत, मुठीसारखा मिटलेला.

घरात शिरल्यावर तिने दार लोटलं.

"आई, लावू नको ना."

"का गं?"

"ती यायचीय अजून." लेक अगदी सहज म्हणाली. "तिचं घर बंद केलं ना तुम्ही."

महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. उंबऱ्याबाहेरचं पायपुसणं मात्र हळूहळू भिजत होतं...