एकशेसतरा क्रमांकाचं नाव

ताई, दिवा राहू दे. सांगते.

मागच्या शुक्रवारी दुपारचे बारा वाजले होते. ट्रोम्सोतला डिसेंबर, सूर्य उगवतच नाही, खिडकीबाहेर निळसर काळोख. संस्थेतली सगळी मंडळी वर वॉफल खायला जमली होती आणि मी तळघरात यंत्रांच्या खोलीत एकटी. नवा नेम सर्व्हर बसवायचा होता. तासाभराचं काम.

ते काम आधी हॅलवार्डकडे होतं. ईस्टरच्या सुट्टीत स्की करता करता त्याचं हृदय बंद पडलं. नऊ वर्षं आम्ही शेजारी बसलो, आणि नऊ वर्षं मी एकच ऐकत आले, "हॅलवार्डला विचार." त्याचे निम्मे प्रोग्रॅम माझ्याशी बोलता बोलता सुचलेले, कौतुक त्याचं. तो गेला तरी सुटका नाही. काही अडलं की बोर्गहिल्डबाई, आमच्या प्रमुख, उसासा टाकायच्या, "आज हॅलवार्ड असता तर..." मेलेल्या माणसावर जळायचं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं.

आमची चाळीस युनिक्स यंत्रं एकाच मोठ्या यंत्रावरच्या फाइली वाटून वापरतात. फाइलीवर मालकाचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. कुठला क्रमांक कुणाचा, हे नेम सर्व्हर सांगतो. हॅलवार्ड एकशेसतरा. मी एकशेचाळीस.

यादी भरताना माझा हात एकशेसतरापाशी थांबला. मी त्याचं नाव खोडलं आणि तिथे माझं लिहिलं. एवढंच केलं.

मग फाइलींची यादी काढली. त्याच्या एकोणीसशे फाइली, आणि प्रत्येकीपुढे आस्लाउग, आस्लाउग, आस्लाउग. पंख्यांच्या घरघरीत मी एकटीच हसले.

जिन्यावर पावलं वाजली. बोर्गहिल्डबाई बशी घेऊन दारात उभ्या होत्या.

"हॅलवार्ड, गार होतंय रे वॉफल."

"काय म्हणालात?"

"आस्लाउग म्हटलं. का गं? चेहरा का असा तुझा?"

बशी ठेवून त्या वर गेल्या. मी वॉफलवर जॅम घेते, हे साऱ्या संस्थेला ठाऊक आहे. बशीत तपकिरी चीज होतं. तो घ्यायचा तसं, घडी घालून.

मी स्क्रीनकडे वळले. यादीत एक फाइल वाढली होती. वेळ बारा चौदा. क्रमांक एकशेसतरा, म्हणून मालक मीच. पण मी कीबोर्डला हातही लावला नव्हता, आणि इतर सगळे तर वर होते.

खोलीत वास आला. ओल्या लोकरीचा... आणि स्कीला चोळतात त्या डांबराचा. पाठीमागून गारवा येत होता, कुणीतरी बाहेरून आत येऊन उभं राहावं तसा. मी मागे पाहिलं नाही. फाइल उघडली. एकच ओळ.

"विचारायचंस तरी, आस्लाउग. दिलं असतं."

"घे... घे बाबा तुझं..." मी पुटपुटत होते. एकशेसतरापुढे त्याचं नाव परत लिहिताना तीनदा चुकलं. अखेर बसलं. वास विरला. गारवा मात्र बराच वेळ राहिला.

मी तशीच वर गेले आणि बोर्गहिल्डबाईंना सगळं सांगून टाकलं. ती ओळ तेवढी सोडून. त्या रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

"त्याचे प्रोग्रॅम कधी उघडून पाहिलेस?" त्यांनी विचारलं.

"नाही." कशाला पाहीन? नुसतं नाव दिसलं तरी माझा जीव जळायचा.

"बघ एकदा."

पाहिले. माझ्याशी बोलता बोलता सुचलेल्या प्रत्येकाच्या माथ्यावर त्याने लिहून ठेवलं होतं, 'मूळ कल्पना आस्लाउगची.' नऊ वर्षं. ताई, मी तिथेच टेबलावर डोकं टेकलं.

इथेच संपलं असतं तर मी तुला एवढ्या लांबून बोलावलं नसतं.

ती नवी फाइल मी पुसली नव्हती. धीरच झाला नाही. मंगळवारी पाहिलं तर तिच्यात आणखी एक ओळ होती: "एकशेचाळीस क्रमांक रिकामा झाला, की एरुन्नला द्यावा."

एकशेचाळीस माझा. तो रिकामा का व्हावा? आणि एरुन्न नावाची कुणी बाई आमच्याकडे नाही. मी सगळी यादी दोनदा वाचली.

आज सकाळी बोर्गहिल्डबाई भेटल्या. "सोमवारी बोडोहून नवी मुलगी येतेय," म्हणाल्या. "फार हुशार आहे म्हणे. तुझ्या शेजारी बसवते."

मी मान डोलावली. नाव काय तिचं, हे विचारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.