टेबलाखालचा हात

भांडायलाच म्हणून जिना चढले होते मी. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेला माणूस सकाळपासून ठोकत होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'ठोक्या' ठेवून टाकलं होतं. दार उघडलं तर दातांत खिळा, केसांत लाकडाचा भुसा... आणि मी अर्धं भांडण तिथेच विसरले.

"चार वाजता माझी आवाजाची परीक्षा आहे, ऑनलाइन. तोवर ती हातोडी खाली ठेवता का?"

त्यानं खिळा काढला. "ठेवली. पण एवढं रागावलात, म्हणजे आणखी काहीतरी बिघडलंय."

बिघडलं होतंच! लॅपटॉपनं सकाळीच मान टाकली होती. रेकॉर्डिंगवाल्यांची अट — नेट तारेचंच हवं, मोबाईल चालणार नाही. घरात उरला होता दादाचा जुनाट लिनक्सचा संगणक. केबल लावली, दिवा लागला, पण नेट काही येईना. आणि कादंबऱ्या वाचून रेकॉर्ड करायचं हे काम मागच्या खेपेला हुकलं होतं. "आवाज गोड आहे, पण प्रेमाचा प्रसंग बातम्यांसारखा वाचता," म्हणाल्या होत्या परीक्षा घेणाऱ्या बाई. आज हुकलं, तर पुन्हा बोलावणार नव्हते. संगणकाचं रडगाणं मी त्याला ऐकवलं, तसा तो बघायला निघाला.

"शाळेत शिकवतो मी," माझ्यामागून जिना उतरताना ठोक्या म्हणाला. "तिथले संगणकही असेच म्हातारे आहेत. गोडीत घेतलं की ऐकतात."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर हातोडी आहेच."

मला हसू आलं, आणि हसल्याचा रागही आला.

त्यानं नेटवर्कची सेटिंग उघडली. "हे बघा. दादांनी जुन्या घरातल्या राउटरचे आकडे हातानं भरून ठेवलेत. हा बिचारा अजून तोच राउटर शोधतोय." त्यानं 'मॅन्युअल'चं 'ऑटोमॅटिक' केलं, जोडणी बंद करून पुन्हा चालू केली. नेट आलं! मी टाळी वाजवणार, तोच गेलं. आलं... पुन्हा गेलं.

तो टेबलाखाली शिरला. "केबलच्या टोकाची खिट्टी तुटलीय. सारखी निसटतेय."

चार वाजतच आले होते. दुकान गाठायला वेळ नव्हता.

"धरून बसतो," खालून आवाज आला. "तुम्ही वाचा."

"अहो, पण —"

"शू! शिंकलो तर माफ करा."

पडद्यावर बाई आल्या. प्रसंग पाठवला तो नेमका प्रेमाचा. पहिलं पान मी बातम्यांसारखंच वाचलं, आणि बाईंचा चेहरा पडत गेला. संपलं सगळं, असं वाटून मी नजर खाली वळवली...

तो वाकडातिकडा बसला होता. मान टेबलाला टेकलेली, ओठ घट्ट मिटलेले. पायाला मुंग्या आल्या असणार, पण केबल धरलेली बोटं तसूभर हलत नव्हती. ओळख ना पाळख, आणि माझ्यासाठी हे! छातीत नुसतं धडधडायला लागलं. पानावरचं पुढचं वाक्य मी त्याच्याकडे बघूनच म्हटलं.

"इतके दिवस... कुठे होतात हो तुम्ही?"

त्यानं वर पाहिलं. कान लाल झाले होते त्याचे. मग मी उरलेला प्रसंग त्या कानांनाच वाचून दाखवला.

बाई पडद्याजवळ झुकल्या. "मागच्या खेपेला भिंतीशी बोलत होतात. आज कुणाशी बोललात?"

"क... कुणाशी नाही."

"असू दे. सोमवारपासून या. आणि त्या 'कुणाशी नाही'ला आमचे आभार सांगा."

पडदा काळा झाला. मी खुर्ची सरकवून खाली टेबलाशीच बसकण मारली. "मिळालं!"

"ऐकलं मी." केबल अजून त्याच्या बोटांतच होती. "एक सांगू? रागावू नका... वर माझ्याकडे नवीकोरी केबल आहे."

"काय?"

"दुसऱ्या पानाला आठवली. तेव्हा ही सोडली असती, तर तुमचं वाचन तुटलं असतं." तो अडखळला. "आणि खरं सांगू... उठावंसं वाटलंच नाही."

मी हात पुढे केला आणि त्याच्या केसांतला भुसा झटकला. "आणा मग ती नवी केबल."

तो उठायला लागला.

"आत्ता नाही हो," मी म्हणाले.