पायातली शीर आणि आबांची सही

दुखणं छातीत आणि डॉक्टर कापणार पाय, हे कोडं दहा वर्षांच्या रेवाला काही केल्या सुटेना.

"नाडी, तुझ्या ऑपरेशनच्या यादीत चूक झालीय," ती म्हणाली.

नाडी म्हणजे हृदयालयातली यंत्रपरिचारिका. तीन चाकं, दोन लांब हात आणि पोटावर पडदा. २०५१ सालातली यंत्रं रागवत नसत, म्हणून बरं.

"चूक नाही. उद्या सकाळी आबांच्या पायातली एक शीर काढून हृदयावर लावायची आहे."

हे ऐकताच खाटेवरच्या आबांनी पायावर पांघरूण ओढलं. आबा म्हणजे रेवाचे आजोबा, गेणूजी शिंदे, वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर ते पाटकरी होते. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं प्रत्येक शेतात सोडायचं, हे त्यांचं काम. टोकाच्या वावराला पाणी पोचल्याशिवाय आबा जेवायला बसत नसत, असं गावात अजून सांगतात.

"पायाला हात लावायचा न्हाई," आबा म्हणाले. "आन् या वयात कशापायी चिरफाड? पिकलं पान कधीतरी गळायचंच."

संमतीपत्र कोरंच होतं. पाचपर्यंत सही झाली नाही, तर उद्याची पाळी दुसऱ्या रुग्णाला जाणार होती. आबांच्या हृदयाला फार वाट बघवणार नाही, असं डॉक्टर इनामदारबाई आईला सांगत होत्या, ते रेवानं ऐकलं होतं. पण आबांसमोर रडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"नाडी, मला नीट समजावून सांग. मग मी आबांना सांगते."

नाडीनं टेबलावर एक हृदय ठेवलं. आबांच्या तपासणीवरून त्याच मापाचं छापलेलं, आरपार दिसणारं. बटण दाबताच वरच्या महाधमनीत (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तनळी) लाल पाणी उसळलं. तिथून ते बारीक नळ्यांमध्ये शिरलं आणि एका ठिकाणी अडलं. त्याच्या खालचा भाग कोरडाच राहिला.

"सगळ्या शरीराला रक्त देणाऱ्या हृदयालाही स्वतःचं रक्त लागतं," नाडी म्हणाली. "ते या परिहृद धमन्यांतून (हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणाऱ्या नळ्या) येतं. आबांच्या धमनीत आतून थर साचलाय. आम्ही तो खरवडत नाही. अडथळ्याच्या वरून खालपर्यंत पायातल्या शिरेची नवी वाट काढतो."

"म्हंजी पाण्याची चारी गाळानं भरली, तर बाजूनं दुसरी काढायची," आबा पांघरुणातून पुटपुटले.

रेवाला हुरूप आला. तिनं हृदयाशेजारी ठेवलेली, आबांच्या पायातल्या शिरेसारखीच छापलेली नळी उचलली. मांडीकडचं टोक वरचं, म्हणून वर महाधमनीला जोडलं. घोट्याकडचं टोक अडथळ्याच्या खाली जोडलं आणि बटण दाबलं.

नवी नळी टम्म फुगली, पण खाली थेंबभरही पाणी गेलं नाही.

रेवाचा चेहरा पडला. आबा मात्र उठून बसले. त्यांनी चष्मा लावला आणि नळी उजेडात धरली. आत दोन पाकळ्यांची इवलीशी दारं दिसत होती.

"पायातलं रगत कुठनं कुठं जातं गं, नाडे?"

"घोट्याकडून मांडीकडे, वर हृदयाला. ते खाली घसरू नये म्हणून शिरेत या झडपा असतात. त्या एकाच बाजूला उघडतात."

"मग पोरी, तू शीर उलटी बसवली. नोकरीच्या पहिल्या साली मीबी पाइपाची झडप अशीच बसवली हुती. आख्ख्या गावाची पाळी हुकली. महिनाभर तोंड लपवत फिरलो."

त्यांनी घोट्याकडचं टोक वर लावलं. रेवानं बटण दाबलं आणि लाल पाणी सळसळत हृदयाच्या टोकापर्यंत धावलं. रेवानं टाळ्याच पिटल्या.

"आन् माझा पाय?" आबांचा आवाज आता मऊ झाला होता.

"आम्ही कातडीखालची शीर काढतो. रक्त वर नेणाऱ्या मोठ्या शिरा पायात खोलवर आहेत, त्या तशाच राहतात," नाडी म्हणाली. " काही दिवस सूज येईल, मग चालाल. वयामुळे धोका थोडा जास्त आहे, ते लपवत नाही. पण आम्ही नुसतं जन्मसाल बघत नाही. मूत्रपिंडं, फुप्फुसं आणि चालही बघतो. काल चालताना तुम्ही मला मागं टाकलंत."

आबांनी पेन मागितलं. पाचला दहा मिनिटं कमी होती.

डॉक्टर आल्यावर आबांनी त्यांना बजावलं, "बाई, शीर उलटी बसवू नका."

"टोकं मी दोनदा तपासते, आबा," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आबांच्या तोंडातली श्वासाची नळी निघाली. घसा बसलेला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टोकाला पोचलं का?"

रेवानं नाडीच्या पडद्याकडे पाहिलं. "शेवटच्या वावरापर्यंत, आबा." मग तिला राहवेना. "आणि नाडी म्हणते, माणसाच्या स्वतःच्याच पेशींपासून (शरीराचे सर्वांत लहान जिवंत घटक) नव्या रक्तनळ्या वाढवायचं काम चाललंय. मी मोठी होईन तेव्हा पायाला हातही लावावा लागणार नाही. ते काम मी करणार."

आबांनी तिचा हात हातात घेतला.

"कर. मी हायेच की बघायला."