मनातली सही

सकाळी ताट आत सरकलं तेव्हा माणसं पाच होती आणि पाव चार.

तळघरातल्या त्या खोलीला खिडकी नव्हती. दाराच्या फटीतून ताट आलं की सकाळ झाली म्हणायचं. पाचही जण एकाच दिवशी धरले गेले होते, सुताराच्या कारखान्यात दार लावून प्रार्थना करताना. सुताराने थाप मारून पाचवा पाव मागितला. सुतार काल सही करून घरी गेला, असं पहारेकऱ्याने बाहेरूनच सांगितलं.

"घ्या भाऊजी, तुम्ही सुटलात आणि तुम्हालाच पत्ता नाही," सुताराचा मेव्हणा म्हणाला. सगळे हसले. प्रत्येकाने आपल्यातला तुकडा मोडून सुताराला दिला. त्याने मात्र ते तुकडे हातातच धरून ठेवले.

काल वर नेऊन तुरुंगाच्या साहेबांनी त्याच्यापुढे कागद ठेवला होता. ख्रिस्ताला मी मानत नाही, एवढंच त्यावर होतं. बायकोला नववा लागला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. पेन धरून तो बराच वेळ बसला आणि शेवटी त्याने ते खाली ठेवलं. पण तेवढ्या वेळात मनात त्याने सही केली होती. जिना चढला होता, फाटक ओलांडलं होतं, घराची कडी वाजवली होती. बायकोने दार उघडलं, इथपर्यंत त्याने पाहिलं होतं.

रोज संध्याकाळी पाचही जण भिंतीला पाठ लावून बसत आणि दिवसभरातली आपापली चूक एकमेकांपुढे कबूल करत. काल सुताराची पाळी आली तेव्हा तो म्हणाला होता, आज काही नाही.

दुपारी धुतलेले कपडे आले. दर आठवड्याला सुताराची बायको नवऱ्याचे आणि भावाचे कपडे एकत्र पाठवायची. आज फक्त भावाचेच होते. मेव्हण्याने सवयीने लेंग्याचा नेफा चाचपला, चिठ्ठी काढली, आणि वाचता वाचता त्याचं हसू मावळलं.

'हे काल घरी आले. काळजी करू नकोस. जेवणाआधी प्रार्थनेला बसले नाहीत, मीही विचारलं नाही. फक्त रात्रभर माझ्या पोटावर हात ठेवून बसले होते... अजून किती दिवस, अजून किती दिवस, एवढंच विचारत.'

वर नेईपर्यंत सुतार दार बडवत राहिला. साहेबांनी सुटकेची वही फिरवून त्याच्यापुढे धरली. कालच्या तारखेची सही त्याचीच होती. साहेब त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

"पुन्हा एक सही कर आणि जा. मला हे मिटवायचंय."

"साहेब... माझ्या घरात कोण आहे?"

"ते तू जाऊन बघ."

त्याने पेन उचललं. एका रेघेचं काम होतं. पण ज्या ख्रिस्ताचं नाव इथे पुसून जायचं, त्याचंच नाव न घेता घरात शिरलेलं ते उंबऱ्याबाहेर काढायचं कोणाच्या जोरावर? त्याने पेन ठेवलं. या वेळी मनातही तो खुर्चीवरून उठला नाही.

खाली येऊन त्याने सगळं कबूल केलं. कालचं आणि आजचंही.

"माझी बहीण आहे तिथे, भाऊजी," मेव्हणा हळूच म्हणाला. "तुम्ही जाऊ शकत होतात."

"हो."

मेव्हण्याने तोंड फिरवलं. मग अंधारात चाचपडत त्याने सुताराचा हात धरला, आणि आवाज बसेपर्यंत पाचही जण प्रार्थना करत राहिले.

आठवड्याने गाठोडं आलं. त्यात दोघांचेही कपडे होते. नेफ्यातली चिठ्ठी आता त्याच्या नावाची होती.

'मुलगा झाला. आम्ही बरे आहोत. मागची चिठ्ठी पाठवली त्या संध्याकाळी तुम्ही अंगणात गेलात ते आलाच नाहीत. पुन्हा धरून नेलं असं समजले. मी रडत नाही, तुम्हीही धीर सोडू नका. दिवसभर खपून पाळणा केलात, फार सुरेख झालाय. एकच विचारायचं होतं. मधे फळी घालून तो दोघांचा का केलात?'