सरुबाईच्या केळीवर हळदीचा पाऊस

या भूपेंद्रला काही विचारा, तो डोळे वर करील तर शपथ! निंबोला गावातल्या शेतात त्याची आई रंभाबाई पाण्याचा तांब्या घेऊन कधीची उभी, आणि हा आपला ड्रोनच्या पडद्याला चिकटलेला!

"काका, ड्रोन तर जमिनीवर बसलंय. मग नकाशावरचा ठिपका चालतोय कसा?" तृप्तीने विचारलं.

सुटीला बुऱ्हाणपूरहून आलेली तृप्ती, अक्षय आणि गोटू ही रंभाबाईची नातवंडं पडद्यावर वाकली. ठिपका बांध ओलांडून शेजारच्या सरुबाईच्या केळीत शिरला होता! वर इशाऱ्याची लाल पट्टी चमकली. काकाने ती बोटाने उडवून लावली.

"रोज काहीतरी येतं! सॅटेलाइट गलती करत नाही. न्याहारी करून येतो, मग फवारू. तोवर ड्रोनच्या टाकीत पाणी भरून औषध टाकून ठेवा."

तो गेला. कापसाच्या पेरणीआधी या मोकळ्या शेतातलं तण मारायचं होतं. पण ते जहर बांधापलीकडे पडलं तर? सरुबाईचे घड पंधरा दिवसांत उतरणार होते. एकट्या बाईने वर्षभर राखलेली बाग!

अक्षयने आपला मोबाइल विहिरीच्या काठावर ठेवला. त्यातलाही ठिपका सरकू लागला!

"म्हणजे ड्रोन चांगलंय, गडबड वर आहे! काल बातम्यांत नव्हतं का, सूर्यावर वादळ झालंय म्हणून? त्याने आभाळाचा वरचा थर खवळतो. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना चुकतो."

गोटूने वर पाहिलं. "इथं तर पानसुद्धा हलत नाही!"

"तेच तर! दिसत नाही, म्हणून कोणी घाबरत नाही."

"याहून मोठं आलं तर?" तृप्तीने विचारलं.

"वीज जाईल. फोन मुके होतील. विमानांना वाट सापडायची नाही..."

"आजीला काय फरक पडतो? तिच्याकडे फोनच नाही!" गोटू म्हणाला.

"फरक कसा नाही रे?" रंभाबाई कडाडली. "विहिरीचं पाणी वर काय तुझा आजा चढवतो? मोटारच चढवते ना!"

तिघांनी विहिरीवरच्या मोटारीकडे पाहिलं. किती गोष्टी त्या न दिसणाऱ्या धाग्याला टांगलेल्या!

"काका सांगून ऐकायचा नाही, त्याला दाखवायलाच हवं. आजी, हळद आहे?" तृप्तीने हळूच विचारलं.

टाकीत हळदीचं गाळलेलं पाणी गेलं. तणनाशकाच्या डब्यावर पदर पसरून रंभाबाई स्वतःच बसली.

"औषध टाकलं का?" काकाने येताच विचारलं.

"टाकी तयार आहे!" तिघं एका सुरात म्हणाले.

ड्रोन घुमत उठलं आणि थेट बांधापलीकडे गेलं. केळीच्या तिसऱ्या ओळीवर पिवळी धार!

"मेलो! सरुकाकूची बाग गेली!" ड्रोन कसंबसं उतरवून भूपेंद्र धावला. हातांनी पानं पुसू लागला. तळवे पिवळेजर्द! त्याने हुंगून पाहिलं. "ही तर... हळद?"

अक्षयने त्याला सगळं सांगितलं. भूपेंद्र बांधावर येऊन बसला. "पोरांनो, आज तुम्ही नसता तर मी सरुकाकूला तोंड दाखवू शकलो नसतो."

रंभाबाईने तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग लेकासमोर जाऊन उभी राहिली.

"सूर्याला तू आवरू शकत नव्हतास, भूपेंद्र, ते मला मान्य. पण यंत्राने लाल होऊन सांगितलं, पोरीने तोंडाने सांगितलं, आणि तू दोघांनाही हाकललंस! हा दोष सूर्याचा नाही, तुझा आहे. ऊठ! पाठीवर पंप घे, आणि आजचं सगळं शेत पायी चालून फवार!"