बोरदऱ्याचं ऊन कुठं गेलं?

"अडतीस पॉइंट एक!" दूध केंद्राच्या फळ्यावरचा आकडा वाचून त्रिंबक ओरडला. "आन् सोनपिंपळ्याचं बघा, त्रेचाळीस पॉइंट आठ!"

"म्हंजे आपलं बोरदरा महाबळेश्वर झालं का काय?" सिदू या पायावरून त्या पायावर उड्या मारत म्हणाला. त्याची चप्पल सकाळीच तुटली होती आणि दुपारच्या मातीवर त्याचे तळवे भाजत होते. "माझ्या पायाला इचारा की किती डिग्री हाय ते!"

मुक्ता, म्हणजे सिदूची थोरली बहीण आणि त्रिंबकची वर्गमैत्रीण, फळ्याला चिकटून उभी होती. ती आकड्याखालची ओळ वाचत होती. 'सोनपिंपळा केंद्र, नोंद घेणार : कु. वत्सला.' रोज हेच नाव!

वत्सला म्हणजे वत्सू, मुक्ताची सख्खी मामेबहीण, तिच्याहून अवघ्या दोन महिन्यांनी मोठी. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आलेली वत्सू. पेपरात फोटो आलेली वत्सू. जिचं नाव घेतल्याशिवाय मुक्ताच्या मायची एक भाकरी थापून होत नसे, ती वत्सू. मुक्ताला तिचा हेवा वाटत होता असं म्हणणं म्हणजे फार सौम्य बोलणं झालं. तिचा नुसता जळफळाट होत होता!

त्यात यंदा ही तापमानाची शर्यत. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि २०१९ च्या मे महिन्यात बोरदऱ्याच्या विहिरींत तळाचे दगड मोजता येत होते. गाई धापा टाकायच्या, दूध निम्म्यावर आलं होतं. म्हणून दूध संघानं एक थंड गोठा बांधून द्यायचं ठरवलं. उंच छप्पर, त्यावर उसाच्या पाचटाचा थर, खाली मोठे पंखे आणि बारीक फवारा. पण गोठा एकच आणि मागणारी गावं दोन! मग संघानं दोन्ही केंद्रांवर तापमानाची यंत्रं बसवली. पंधरा दिवस नोंदी घ्यायच्या आणि जे गाव जास्त तापेल त्याला गोठा.

अकरा दिवस झाले होते. बोरदरा रोज पाच-सहा डिग्रींनी हरत होतं.

"लबाडी!" मुक्ता एकदम म्हणाली. "वत्सूच करत असंल. यंत्राखाली चूल पेटवत असंल न्हाई तर पत्र्यावर ठेवत असंल!"

"वत्सू?" त्रिंबकनं डोकं खाजवलं. "तिनं तर मला मागं गणित समजावून दिलतं."

"मग जा की तिच्याच गावाला ऱ्हायला!"

मुक्ता तडातडा घराकडे निघाली. दारात चंदी उभी होती. मायनं आणि आप्पांनी दोन हंगाम ऊस तोडून आणलेली संकरित गाय. तिची जीभ बाहेर लोंबत होती, बरगड्या वरखाली होत होत्या. कडबा जसाच्या तसा पडला होता.

"गोठा मिळंल असं दिसलं तर बघू," आप्पा तिच्या पाठीवर ओला कपडा फिरवत म्हणाले. "न्हाई तर रविवारी बाजार दाखवावा लागंल. माझ्या डोळ्यासमोर मरायला नको, पोरी."

मुक्तानं बोटांवर दिवस मोजले. आज गुरुवार होता.

"माय," ती आत जाऊन म्हणाली, "आमी उद्या मामाच्या गावाला जाऊन येतो."

मायचा चेहरा असा फुलला की मुक्ताला थोडी लाजच वाटली. "जा की! वत्सूसोबत बसून चार गोष्टी शीक."

झालं! मुक्तानं दात-ओठ खाल्ले.

सकाळी मुक्ता, सिदू आणि त्रिंबक एका सायकलवर आळीपाळीनं बसत चार किलोमीटर तुडवून सोनपिंपळ्यात पोचले. पण त्याआधी एक घोळ झालाच होता. वाटेत जो भेटेल त्याला मुक्तानं सांगून टाकलं होतं, "सोनपिंपळावाले लबाडी करत्यात. आमी पुरावा आणाया चाललो!" गावाबाहेर पडेपर्यंत ही बातमी बोरदऱ्याच्या केंद्राचे सचिव गहिनीनाथकाकांच्या कानावर गेली होती.

सोनपिंपळ्याच्या केंद्रामागं मोकळ्या जागेत चार फूट उंच पायांवर एक पांढरी पेटी उभी होती. तिला खिडक्यांसारख्या तिरप्या फटी होत्या. मुक्तानं पेटीखाली वाकून पाहिलं. चूल नव्हती. सिदूनं पेटीची मागची बाजू चाचपली. पत्रा नव्हता. त्रिंबकनं जवळपास इंजिन आहे का पाहिलं, तर तिथं नुसती वाळलेली तुळस होती.

"काय हरवलंय का तुमचं?"

तिघं दचकले. वही छातीशी धरून वत्सू उभी होती!

"न्हाई... ते... यंत्र बघत होतो," मुक्ता म्हणाली.

"मग नीट बघा ना!" वत्सूनं आनंदानं पेटी उघडली. "हे उन्हात ठेवलं तर उन्हाचा चटका मोजेल, हवा नाही. म्हणून पांढरी पेटी, आत सावली आणि वारं खेळायला फटी. हा दुपारचा आकडा, आणि हा पहाटेचा, सगळ्यात कमी. खरी भीती याचीच आहे."

"कावून?" त्रिंबकनं विचारलं.

"दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. पण जगभर कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत जो वायू साठलाय, तो ती अडवतो. पृथ्वीवर एकावर एक गोधड्या टाकल्यागत! म्हणून रात्रीसुद्धा निवत नाही. गाईला रात्रीचा गारवा मिळाला तर ती दिवसाचं ऊन सोसते. तो मिळाला नाही तर दूध आटतं. आमच्या गाईंचं तेच झालंय."

मुक्ताला हे सगळं समजलं, आवडलंसुद्धा, आणि आवडलं म्हणूनच तिला जास्त राग आला. ही बाई आपल्याच वयाची आणि बोलते कशी, तर मास्तरणीसारखी!

"तुझं यंत्रच बिघडलेलं असंल," ती म्हणाली.

वत्सूचा चेहरा उतरला. पण ती घरात गेली आणि काचेचा एक साधा तापमापक घेऊन आली. "हा माझा प्रदर्शनातला. आधी इथं पेटीत ठेवून बघ, मग तुमच्या गावात. खोटं असेल तर तूच सगळ्यांना सांग."

पेटीत तो बरोबर यंत्राइतकाच निघाला. मुक्तानं तो गुंडाळून पिशवीत ठेवला. मामीनं जेवायचा आग्रह केला तरी ती थांबली नाही.

बोरदऱ्यात पोचल्यावर भर दुपारी देवळाच्या मंडपात, खांबाला दोरी बांधून, सावलीत आणि वाऱ्यात त्यांनी तापमापक टांगला. तिघं पारा बघत बसले. चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस. पारा साडेत्रेचाळीसला जाऊन थांबला.

"आरं तिच्या!" त्रिंबक उडाला. "आपलं ऊन सापडलं!"

"मग काकांचं यंत्र अडतीस कावून दाखवतंय?" सिदूनं विचारलं.

बोरदऱ्याचं यंत्र केंद्रामागच्या अंगणात होतं आणि त्या अंगणाला कुलूप असे. 'पोरांनी यंत्राला हात लावला तर तंगडी मोडीन,' असं गहिनीनाथकाकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. ते रोज एकटेच आत जात आणि आकडा घेऊन बाहेर येत.

"तीनला काका आकडा घ्यायला आत असत्यात, आन् तवाच टँकर येतो," मुक्ता हळूच म्हणाली. "टँकर आला की काका कुलूप लावत्यात का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोण लावतं?

तीन वाजता हॉर्न वाजला. सारं गाव घागरी, डबे, ड्रम घेऊन धावलं. काकाही एका हातात बादली, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा धरून सुसाट पळाले. दार सताड उघडं! मुलं आत शिरली आणि जागीच थबकली.

पांढरी पेटी दिसतच नव्हती. तिच्याभोवती जाडजूड पोतं गुंडाळलं होतं. पोतं ओलंचिंब होतं आणि त्याचं टोक खाली पाण्यानं भरलेल्या घमेल्यात सोडलं होतं. पेटीच्या खाली गावातलं लंगडं कुत्रं पोट टेकून मस्त झोपलं होतं. अख्ख्या बोरदऱ्यात गार जागा एकच होती आणि ती त्यालाच सापडली होती!

"कोण हाय रे आत?" काका बादली घेऊन परतले होते. "बाहेर व्हा आधी!"

"काका, हे पोतं कावून?" मुक्तानं विचारलं.

"कावून म्हंजे? एवढं महागाचं यंत्र! उन्हानं तापून जळून गेलं तर? रोज दोन बादल्या पाणी घालतो, माझ्या वाटणीचं! आंघोळ न्हाई केली बारा दिवस!" काका छाती पुढं काढून म्हणाले.

"पण काका, ओलं पोतं गारवा देतंय! माठातलं पाणी गार होतं तसं! यंत्र ऊन मोजंल कसं?"

"तू मला शिकवती व्हय गं? मोठ्यांच्या मधी बोलायचं न्हाई! आन् तूच तर म्हणालीस ना, तिकडं लबाडी हाय? मी तक्रार लिहून ठेवलीय. शंभर सह्या झाल्यात. उद्या संघाच्या गीता मॅडम येणार हायेत. तक्रार खरी ठरली की सोनपिंपळ्याचं नाव बाद, आन् गोठा आपला!"

मुलं बाहेर येऊन देवळाच्या मंडपात बसली.

"अक्का," सिदू म्हणाला, "गप बसलो तर चंदी वाचंल."

मुक्तालाही नेमकं तेच सुचलं होतं. खोटं बोलायचं नव्हतंच. नुसतं गप बसायचं! चंदी दारात राहील आणि पुढच्या वेळी माय भाकरी थापताना वत्सूचं नाव घेणार नाही. दोन्ही कामं एका झटक्यात होणार होती. खरं सांगितलं तर मात्र आपल्या बारा दिवसांच्या नोंदी खोट्या ठरतील आणि बोरदऱ्याचंच नाव बाद होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रासमोर गाव जमलं. दूध संघाच्या जनावरांच्या डॉक्टर गीता मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. सोनपिंपळ्याहून दूध सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव, म्हणजे मुक्ताचे मामा, वत्सूला घेऊन आले होते. काकांनी घसा साफ करून तक्रार वाचली. '...सदर मुलीने यंत्रात फेरफार करून...' हे शब्द आले तसं वत्सूनं चमकून वर पाहिलं. ती फक्त मुक्ताकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

मुक्ताला वाटलं होतं, वत्सूची अशी जिरलेली बघून आपल्याला उकळ्या फुटतील. पण तिला ते डोळे बघवेनात.

"थांबा!" ती उठली. "लबाडीची आवई मीच उठवली. काही माहीत नसताना! मला वत्सूचा हेवा वाटत होता, म्हणून. तिची नोंद खरी हाय. आपलीच खोटी हाय!"

"मुक्ते, खाली बस!" आप्पा ओरडले. पण ती बसली नाही. तिनं तापमापक दाखवला, देवळातला आकडा सांगितला, आणि गीता मॅडमचा हात धरून त्यांना मागच्या अंगणात नेलं. पोतं ओलं होतं, घमेलं भरलेलं होतं आणि कुत्रंसुद्धा हजर होतं.

गीता मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो गहिनीनाथराव, तुम्ही तापमापकाला कूलर लावलात!"

"दोन बादल्या?" तुळजाबाई घागर कमरेवर घेऊन पुढं आल्या. "आमी एका घागरीसाठी भांडतो आन् तुमी कुत्र्याला गार जागा करून देता व्हय?"

काकांना कुठं तोंड लपवावं कळेना. पण मॅडम गंभीर झाल्या. "नियमानं तुमच्या बाराही नोंदी रद्द होतात. बोरदऱ्याचं नाव..."

"मॅडम!" मुक्ता मधेच म्हणाली. "अजून तीन दिवस हायेत. यंत्रांची अदलाबदल करा. आमचं त्यांच्या पेटीत, त्यांचं आमच्या पेटीत. मग यंत्राचा दोष हाय का गावाचा, ते कळंल. नोंद वत्सू घेईल. दोन्हीकडची!"

"एकटी नाही," वत्सू डोळे पुसत म्हणाली. "दोघी घेऊ."

मॅडम हसल्या. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मंजूर!"

"बाजार पुढल्या आठवड्यात," आप्पा कुणाकडेच न बघता पुटपुटले.

तीन दिवस सायकल दोन्ही गावांमध्ये नुसती पळत होती. दुपारी, पहाटे, वही, पेन्सिल, घाम आणि भांडणं! दशांश चिन्हावरून दोघी दोनदा कडकडून भांडल्या. शेवटी सरासरी निघाली. सोनपिंपळा त्रेचाळीस पॉइंट सात. बोरदरा त्रेचाळीस पॉइंट सहा. पहाटेचे आकडे तर तंतोतंत सारखे, तीस!

"एक दशांशानं आमी जिंकलो!" मामा म्हणाले.

"तो दशांश यंत्राचा असंल!" आप्पा उसळले.

"एका दशांशासाठी भांडताय?" गीता मॅडम कडाडल्या. "वर्षानुवर्षं हवा तापत चाललीय. ती गावाची शीव बघून तापत नाही!"

शीव! मुक्ताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं तोंड उघडलं, आणि...

"मग गोठा शिवेवरच बांधा ना!" वत्सू म्हणाली. "दोन्ही सोसायट्या मिळून चालवतील!"

अर्ध्या श्वासानं आधी! मुक्तानं कपाळ बडवून घेतलं. "मी आत्ता हेच म्हणणार होते!"

सगळे खो खो हसले. मॅडमनी दोघींच्या पाठीवर थाप मारली. "मोठ्या माणसांना बारा दिवसांत जमलं नाही, ते तुम्ही चौघांनी तीन दिवसांत केलंत. आपली चूक शोधून गावासमोर सांगणं तर भल्याभल्या शास्त्रज्ञांना जड जातं, मुक्ता!" काकांनी टोपी काढली. "पोरी, केंद्राची नोंदवही आजपासून तुझ्याकडं. आन् मी आज आंघोळ करतो." आप्पांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

शिवेवर गोठा उभा राहिला त्या दुपारी सगळ्यात आधी चंदीला आत नेलं. पंखे फिरले, फवारा उडाला. चंदीची धाप हळूहळू बसली. तिनं मान खाली घातली आणि कडब्याचा एक घास ओढला. मग दुसरा ओढला. मुक्ताचे डोळे घळाघळा वाहू लागले. इतक्यात चंदीनं मान वळवली, जीभ बाहेर काढली आणि चाटला तो वत्सूचा हात!

"बघ की!" मुक्ता किंचाळली. "चारा घालायचा मी, शेण काढायचं मी, आन् हिला वत्सूच आवडती!"

वत्सूनं घाईघाईनं हात मागं घेतला. मुक्तानं तो पकडला आणि पुन्हा चंदीच्या तोंडापुढं धरला.

"राहू दे," ती नाक ओढत म्हणाली. "चाटू दे तिला."