लाल मोरस

कोळंबीच्या तळ्याच्या बांधावर मधुसूदन पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू फावड्याच्या घावांनी फुटली होती, एक कान लोंबत होता. एवढे घाव, पण खालच्या चिखलावर रक्त थोडंच. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

विद्युलतानं ओढणी तोंडावर धरली. चेन्नईच्या सरकारी वनस्पती सर्वेक्षणात सहा वर्षं ती आणि मधुसूदन शेजारी बसत होते. सिरुसेरीजवळच्या या खाडीकाठी खाऱ्या जमिनीतली झाडं कुठवर वाढतात, त्याचा नकाशा तो करत होता. त्या रेषेच्या आत इमारत उभी राहू शकणार नव्हती.

"मारेकरी सापडला," इन्स्पेक्टर नागोजीराव म्हणाले. ते तंजावरचे, मराठी बोलताना शब्दाचं शेपूट लांबवत. "तळ्याचा राखणदार, सुब्बा. फावडं त्याच्या झोपडीमागे मिळालं. खबर या राघोत्तम सारांनी दिली."

शेजारच्या जमिनीचे मालक राघोत्तम हात जोडून उभे होते. जीपमध्ये सुब्बा बेड्यांत बसला होता. ओठ फाटलेला, पोलिसांच्या लाठीनं दोन्ही हातांची बोटं सुजलेली.

नागोजीरावांनी प्रेताची मूठ उकलली. आत मुळांसकट उपटलेली इवली झाडं होती. जाड, रसदार पानं, किरमिजी लाल. उंची बोटभर.

"इथलीच," नागोजीराव बांधाकडे बोट दाखवत म्हणाले.

"आमच्या कोकणात हिला मोरस म्हणतात," विद्युलता म्हणाली. बांधावर मोरस खरंच माजली होती. गुडघ्याएवढी, हिरवीगार. ती बांधावरून पूर्ण फेरी मारून आली. एकही लाल पान नव्हतं.

तिनं तमिळमध्ये सुब्बाला विचारलं, "तळ्यात पाणी कुठलं?"

"खाडीचं, अम्मा. त्यात बोअरचं गोडं पाणी सोडतो. बांध बारा महिने झिरपतो."

मग ती राघोत्तमकडे वळली. "तुमच्या जमिनीत मोरस आहे?"

"छे! वीस वर्षांपूर्वी तिथं मिठागर होतं. आता कोरडं रान, नुसती वेडी बाभूळ."

"मधुसूदन तिकडे आला होता?"

"कधीच नाही."

"आणि तुमच्या कुंपणाशी दिसतेय ती नवी तांबडी माती?"

"सपाटीला. काल संध्याकाळी टाकली."

विद्युलता त्या जमिनीकडे निघाली. मे महिन्याचं ऊन अंगावर येत होतं. कुंपणाजवळ बसून तिनं हातांनी तांबडी माती उकरली. वीतभर खाली मिठाचा पांढरा पापुद्रा लागला. त्यावर चिरडलेली, बोटभर उंचीची लाल मोरस. आणखी उकरलं, तशी काळपट चिकट ढेकळं हाताला आली. त्यांत केस होते.

मागून कुणीतरी तिची वेणी हिसडली. ती उताणी पडली. राघोत्तमच्या हातात कुंपणाचा लोखंडी खांब होता. तो खाली आला तो तिच्या कानाशेजारी, मातीत. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा नागोजीरावांची लाठी त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला.

राघोत्तम गुडघ्यांवर कोसळला.

"बोला, मॅडम," नागोजीराव धापा टाकत म्हणाले.

"झाड एकच, साहेब, पण जमीन दोन तऱ्हांची," ती उठून बसली. "बांधावर गोडं पाणी झिरपतं, म्हणून तिथं मोरस उंच आणि हिरवी. जिथं पाणी आटून मीठ वर येतं, तिथं ती खुरटते, लाल होते. या टापूत तसं मिठागर हे एकच. मधुसूदनच्या मुठीतली झाडं बांधावरची असूच शकत नाहीत. तो इथं मेला, मग तिकडे नेऊन टाकला. म्हणून तिथं रक्त थोडंच होतं."

"आणि फावडं?"

"ज्यानं प्रेत नेलं, त्यानंच झोपडीमागे टाकलं. ही झाडं नकाशात आली असती, तर जमीन खाडीची ठरली असती, इथं बांधकाम करता आलं नसतं."

राघोत्तम मोडका हात छातीशी धरून ओरडला, "मी उपटत होतो, तो मुठीनं गोळा करत होता! पुरावा म्हणे! पाया पडलो मी त्याच्या. ऐकेना. पाठ वळवली त्यानं..."

त्याला जीपमध्ये घातलं आणि सुब्बाला उतरवलं. नागोजीरावांनी स्वतः बेडी काढली, हवालदाराला पिटाळून सांबारभाताचं पार्सल आणवलं आणि त्याच्यापुढे उघडून ठेवलं. सुब्बानं पानात हात घातला. बोटं मिटेनात. घास उचलायचा आणि तो सांडायचा.

नागोजीराव बघत राहिले. मग टोपी काढून ते त्याच्यासमोर मातीत बसले आणि भात कालवू लागले.